अधिकारक्षेत्र

विभाग कार्यालयात, जिन्याखाली, माझं टेबल.
शिक्के दोन.
नाव हसुराम राणकर, पण फोनवर सगळे विचारतात,
"आवक-जावक बोलतंय का?"
आणि मी हो म्हणतो.

बारकूबाई मढवीचा अर्ज आला.
घणसोलीच्या खाडीकडच्या पायऱ्यांवर एक दिवा हवा.
पहाटेची ओहोटी असली की बायका
शिंपल्या काढायला उतरतात, तिसरी पायरी तुटलीय,
धाकट्या जावेचा पाय तिथंच मोडला.
अर्जावर सात अंगठे, दोन सह्या,
कोपऱ्यात माशाचा एक खवला चिकटलेला.
त्याच्यासकट नंबर टाकला.

मग कागद निघाला.
पायऱ्या महापालिकेच्या, खालची जमीन सिडकोची,
खांब रोवायचा तो बांध खारभूमीचा,
बांधाला टेकलेली तिवरं वनखात्याची,
वायर वीज कंपनीची,
भरतीचं पाणी मेरीटाईम बोर्डाचं.
अंधार कोणाचा, ते कुणी लिहिलं नाही.
जो तो समासात एक ओळ लिही:
अभिप्रायार्थ सादर.
सादर होत होत कागद बेलापूरला गेला,
बेलापूरहून मंत्रालयात,
तिथल्या कक्ष अधिकाऱ्याने विचारलं म्हणे,
घणसोली नेमकी कुठे? नकाशा जोडावा.
जोडला.
नकाशात पायऱ्या नव्हत्या.

त्याच साली ठरावाची प्रत आणायला मुख्यालयात गेलो,
तर सभागृहाचं दार नुसतं लोटलेलं.
खुर्च्यांना प्लास्टिकच्या खोळी, माइक मान घालून बसलेले,
महापौरांच्या आसनावर झेंड्यांचं खोकं.
नगरसेवकांची मुदत संपलेली,
निवडणूक वरून यायची होती.
ठराव मात्र होत होते.
सूचक: प्रशासक.
अनुमोदक: प्रशासक.
सर्वानुमते मंजूर.
त्यांना तरी काय बोल लावू? डबा घरचा आणतात,
शिपायाला अहो म्हणतात,
आणि स्वतःची बदली कुठे होणार
हे त्यांनाही वर्तमानपत्रातूनच कळतं.

मी आधी ग्रामपंचायतीचा शिपाई.
अठराव्या वर्षी डबा वाजवत दवंडी दिली,
घरपट्टीच्या बदल्यात कुणी सुके बोंबील दिले तर
तेही पावतीबुकाशेजारी ठेवले.
तेव्हा फार न्याय होता असं म्हणणार नाही.
सरपंचाच्या आळीत तीन दिवे,
आमच्यात एक, तोही फुटका.
पण रात्री नऊला माझी आई
त्याच्या ओट्याखाली उभी राहून
त्याच्या सात पिढ्या उद्धरायची,
आणि तो भात कालवता कालवता ऐकायचा,
कारण दार उघडं, आणि शेजारी सगळे जागे.
तिसऱ्या दिवशी बल्ब लागला.
आता शिवी घालायची तर कुठल्या खात्याला,
कितव्या मजल्यावर?
तिलाही आधी माझ्याकडून नंबर घ्यावा लागेल.

दीड वर्ष झालं.
बारकूबाईच्या पोराने घरच्या मीटरवरून वायर ओढली,
बांबूला बल्ब बांधला.
आणि तीन दिवसांत, तीनच दिवसांत,
पायऱ्यांना मालक सापडले.
अनधिकृत दिवा, चोवीस तासांत काढावा.
प्रत माहितीस्तव: सहा खाती.
बजावायला मला धाडलं, गावचा म्हणून.

दिवसभर ती मासळी बाजारात, तेव्हा पहाटेच गाठली.
तिने मला त्या बल्बखाली उभं केलं.
"वाच."
वाचलं. एका दमात, मान वर न करता.
"सही कोनाची?"
निरखून पाहिलं. एक लफ्फा, खाली दोन टिंबं.
"कळत नाही," म्हटलं.
पाणी हटलं होतं. बायका टोपल्या घेऊन उतरत होत्या,
तिसऱ्या पायरीपाशी प्रत्येकीचा पाय
थांबत होता, बघत होता, मग पडत होता.
बारकूबाईने नोटीस माझ्या हातातून घेतली,
ओल्या बोटांनी उलटी केली.
"मागं कोरा हाय," म्हणाली.
"तुजं अक्षर बरं हाय, हसू. लिव."