सॅम्पल नंबर सात

ब्रेड वर यायला हवा.
पहिल्या दिवशी कागदावर एवढंच लिहिलेलं.
किती वर, किती जोरात,
वर आल्यावर थांबायचं कुठे,
हे माझ्यावर सोडलं होतं.

भोसरीत, पत्र्याच्या शेडखाली, तीन महिने.
दोन उभ्या सळया, त्यांवर घसरणारा पाळणा,
पाळण्याला बाहेर एक कान, बोटाने दाबायला.
बाजूला करंगळीएवढी स्प्रिंग.
कान दाबला की ती ताणली जाते, बोलत नाही.
तळाशी चुंबक, वीज असेतो धरून ठेवणारा.
वेळ भरली की त्याची मूठ सुटते
आणि स्प्रिंगला सगळं आठवतं.

पहिल्या स्प्रिंगने स्लाइस उडवला तो थेट
सोनटक्केसाहेबांच्या ड्रॉइंगवर.
स्प्रिंगवाले दस्तगीर मुजावर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"हिला राग फार आहे मॅडम.
चार वेढे वाढवतो, निवेल."
निवली. इतकी निवली की पाळणा
अर्ध्यावर येऊन उभा राहायचा,
चप्पल काढू की नको अशा पाहुण्यासारखा.
मग मधली एक. मग हवेची नळी,
तिला सुईच्या टोकाचं भोक.
हवा सुस्कारत बाहेर, स्लाइस दमादमाने वर.
त्या दिवशी मी सगळ्यांना क्रीमरोल खिलवले.

चाचणी दहा हजार वेळा दाबायची होती.
दाबणाऱ्या यंत्राची मोटर जळली
म्हणून मोशीच्या इंदुमती घुले बसल्या,
उजवा अंगठा, डाव्या हातात पेन्सिल,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
तिसऱ्या दिवशी सहा हजार चारशे बारावर थांबून म्हणाल्या,
"ह्यो उचलतो म्हणता, पर ह्याच्यात येगळा जोर कुठाय?
माझाच अंगठा हाय त्यो.
दोन मिन्टांनी परत देतोय."

मी वहीत निम्मा के एक्स वर्ग लिहिलं होतं.
वही मिटली.

गुरुवारी वीज नव्हती.
कान दाबावा, सोडावा, लगेच वर.
दाबावा, सोडावा, वर.
खाली कुणी धरणारंच नाही.
आज राहू द्या, म्हटलं, तर बाई:
"कागदावर फकस्त दाबायचं ल्हिवलंय."
आणि अंधाऱ्या शेडमध्ये खट्, खट्, खट्,
संध्याकाळपर्यंत नऊ हजार.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत
त्यांनी डब्यातली बाजरीची भाकरी मोडली,
अर्धी कोर सात नंबरच्या फटीत सोडली.
वेळ भरली. मूठ सुटली. पाळणा हलला
आणि अडकला.
करपल्याचा वास. बाईंनी आधी पिन काढली,
मग लाकडी पट्टीने कोर उचकटली,
काळं खरवडून ठेच्याबरोबर खाल्ली, म्हणाल्या, "कडक झालीया. ब्येस."

मी वाकून आत पाहिलं.
दोन्हीकडच्या जाळीच्या तारा सरळ, समांतर,
बेकरीच्या सुरीने कापलेलं काहीतरी येणार
असं धरून चाललेल्या.
भाकरीला कोपरे नसतात.
मधे पातळ, कडेला जाड, आणि तापली की ती वळते,
कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

पक्कड घेऊन तारा वर तीन अंशांनी फाकवल्या.
कानाला हाताने अजून अठरा मिलिमीटर उचल दिली,
म्हणजे बुटका तुकडासुद्धा चिमटीत यावा,
कुणी आत सुरी घालू नये.

मीटिंगमध्ये अठरा मिलिमीटर पास झाले.
तीन अंश नाही.
"भाकरीसाठी टोस्टर कोण घेतं?"
सगळे हसले. मीही हसले, हे लिहून ठेवते.

बाजारात गेला तो सरळ तारांचा.
सात नंबर रिजेक्टच्या पेटीतून निघून
कँटीनच्या फळीवर गेला, कसा ते विचारलं नाही.
कानाचा रंग उडालाय, अंगठ्याच्या मापाने.
दहा हजारांनंतर कुणी मोजत नाही.
पण दुपारी एकच्या सुमाराला
फळीवरून खट् असा आवाज येतो
आणि शेडभर डब्यांची झाकणं उघडायला लागतात.