सतरा नंबर

रविवारी रात्री सव्वादहाला थॉर्बीची केबिन बंद झाली.
मी तिथे होते. कामावर होते.
खिशात कटर, कपाळावर दिवा,
हातात तपासणीचे एकवीस कागद,
ज्यांत ‘वाईट वाटणे’ असा रकाना नव्हता.

लिंकनशरचा हा तुकडा परातीसारखा सपाट.
कोबी, बीट, चर, पुन्हा कोबी.
त्यात ही एकटीच जिना चढून वर बसलेली,
लाकडाची, काचेची,
खिडकीत जिरेनियमच्या तीन कुंड्या,
आणि आत लायनल स्क्रिमशॉ,
खांद्यावर चौकड्यांचं फडकं.

“उघड्या हाताने धरू नकोस,” तो म्हणाला.
“घामाने पोलाद गंजतं.”
उद्या ज्यांचं भंगार होणार
त्या चोवीस दांड्या त्याने सकाळीच पुसल्या होत्या.
लाल थांबवणाऱ्या, पिवळ्या सावध करणाऱ्या,
काळ्या सांधे बदलणाऱ्या, निळ्या कुलपांच्या.
एकतीस वर्षांत या माणसाने
एक दांडी मारली नाही,
आणि ओढल्या किती, त्याला गणती नाही.
हा विनोद मला मराठीत सुचला.
इंग्रजीत सांगायला गेले, तर नुसता हजेरीपट उरला.

आता त्याचेच सांधे धरलेत.
हे मात्र सांगितलंच नाही.

“आणि ही पांढरी?”
“सतरा नंबर. कशालाच जोडलेली नाही.”
साखर कारखान्याकडे एक फाटा जायचा,
माझ्या जन्माआधीच उखडलेला.
रूळ गेले, तार गेली,
दांडी राहिली, रंग बदलून.
“तिलाही पुसता?”
त्याने माझ्याकडे असं बघितलं
की मी कागदांत डोकं घातलं.

नऊ बावन्नची शेवटची गाडी.
शेजारच्या केबिनमधून घंटा आली: तीन, थांबून एक.
साडेचार मैलांवर ग्वेंडा.
तिला त्याने दोनदाच पाहिलंय,
एका लग्नात, एका मयताला.
पण घंटेवरचा हात ओळखतो.
“सर्दी झालीये तिला,” म्हणाला,
आणि तीन, थांबून एक परत दिले.

गाडी गेली. दोन डबे, चार माणसं,
एक पोरगा काचेला गाल लावून झोपलेला.

मग त्याने सात ठोके दिले. पाच. पाच.
म्हणजे केबिन बंद.
ग्वेंडाचे सात आले. पाच आले.
चार आले.
मी घड्याळ बघितलं नाही.
पाचवा आला.

मी तार कापली. आवाज झाला नाही.
झाला असता तर बरं वाटलं असतं.

लायनलने कुंड्या दोन खेपांत खाली नेल्या,
तिसऱ्या खेपेला वर आला
आणि काही न घेताच गेला.

आता यॉर्कला मोठ्या पडद्यावर
थॉर्बी म्हणजे चार बोटं राखाडी रेघ.
एक मुलगी सँडविच खाता खाता माऊसने तिथलं फाटक पाडते.
चांगली आहे मुलगी. चुकत नाही.
थंडीवाऱ्यात कुणाचे हात कडकत नाहीत,
अपघात कमी झालेत, हेही खरं,
आणि ते कागद मीच भरलेत.

केबिन एका पौंडाला काढली होती,
स्वखर्चाने उचलून न्यायची अट.
नाही आलं कुणी.
पिवळ्या यंत्राला चाळीस मिनिटं लागली.
लाल दांड्या एका पबने नेल्या.
काळ्या वजनावर गेल्या.

एक गोष्ट कुठल्याच कागदात नाही, म्हणून इथे लिहिते.
त्या रात्री सगळे खाली गाडीत सामान भरत होते
तेव्हा मी सतरा नंबर ओढली.
लोण्यासारखी आली.
बाहेर अंधारात काही हललं नाही,
ना हात पडला, ना सांधा सरकला,
कोबी होता तिथेच कोबी.
परत जागेवर ठेवली.

फडक्याने धरली होती.