समास

बेळगुंदीच्या संमेलनात मला वीस मिनिटं दिली होती.
विषय त्यांनीच ठरवलेला, 'साहित्यातलं रितेपण'.
फोनवर नागोजी हलगेकर म्हणाले, 'बाई, तुमालाच जमंल की हे,'
आणि गप्प झाले,
बहुतेक आपण काय बोललो ते स्वतःच्याच कानावर पडून.

दुसऱ्या रेल्वे गेटवर मालगाडी संपेपर्यंत उभी राहिले.
बासष्ट डबे, सगळे उघडे, आत काही नाही.
मोजायची सवय, पटावरची पोरं मोजायचे तशी.
मग वाचनालय.
माडीवरच्या कपाटांची किल्ली पावशेंच्या गळ्यात, सुतळीला.
'कादंबऱ्या कोण नेतंय आता,' ते म्हणाले,
'न्या चार. न्या की पाच.'

एकटेपणाची पुस्तकं ओळखायला सोपी.
त्यांत खिडक्या फार असतात.
कुणीतरी चहा करतं आणि तो निवतो.
बहुधा रविवार असतो.
मी टिपण काढत होते:
'रितेपण म्हणजे केवळ अभाव नव्हे, तर'
आणि त्या 'तर'पुढे दोन दिवस काही सुचलं नाही.

मग पान एकशे सतरा.
एका वाक्याखाली रेघ, पट्टी न लावता ओढलेली.
वाक्य साधंच, माणूस दोन ताटं काढतो
आणि एक परत फळीवर ठेवतो.
समासात पेन्सिलीनं, बारीक:
मी पण.
त्याखाली वेगळा हात, वेगळं वर्ष, निळं बॉलपेन,
कन्नड लिपीत एकच शब्द:
नानू.

एकतीस वर्षं मी ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापले,
लाल शाईनं, अर्धा अर्धा.
कन्नडमध्ये नानु म्हणजे मी.
शेवटचा उकार लांबवला, की मीही.
तेवढ्या एका शेपटीवर
कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी येऊन बसलं होतं,
तोंड न बघता.
मागच्या पुठ्ठ्याला कार्डाचा खिसा होता. कार्ड नव्हतं.

वर्गात सांगायचे, द्वंद्व समासात 'आणि' गाळतात,
गाळला तरी तो असतोच.
पानाच्या कडेला कोरी सोडतात त्या पट्टीलाही
समासच म्हणतात,
हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

भाषणात यातलं काही सांगितलं नाही.
आधुनिकता म्हटलं, परात्मता म्हटलं, पाणी प्याले.
मंडपात पुढे चार रांगा, मागे शाळेची पोरं,
कडेला रताळ्याच्या शेतातून थेट आलेल्या बायका,
पायाला लाल माती तशीच.
टाळ्या झाल्या. शाल, नारळ.
परात्मता लिहून घ्यायला एक मुलगा जवळ आला,
त्यानं 'त्मा' लिहिलं. मी काही बोलले नाही.

जेवणं उरकल्यावर मंडपामागे
यल्लूबाई भाताच्या हंड्याचा तळ खरवडत होती,
अर्धी आत वाकलेली, आवाज हंड्यातूनच आला:
'झालं बगा रितं. आता धुता येतंय.'
टिपणाचा कागद काढला
आणि 'तर'च्या पुढे तेवढंच लिहिलं.
भाषण होऊन दीड तास झाला होता.

शेवटची बस.
कंडक्टर कोवळा पोर, बागलकोटकडचा असावा.
'ओब्बरेना?'
एकट्याच का, असं. तिकिटापुरतं, बाकी काही नाही.
'हं. ओब्बरे.'
बायकांना प्रवास फुकट आहे आमच्याकडे.
आधार कार्ड बघून त्यानं
शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं,
शिक्का, तारीख, सगळं रीतसर,
शून्याचंही.

ते मी एकशे सतरावर ठेवलं.
पुस्तकाची मुदत उलटून नऊ दिवस झाले होते.
नानूच्या खाली अजून बोटभर जागा होती.
पेन्सिल होती पर्समध्ये.
पण रस्ता खराब, बस हलत होती,
अक्षर चांगलं आलं नसतं.