ताव

सातनंतर ठोके बंद, समोरच्या नव्या इमारतीनं
अर्ज करून ठरवून घेतलंय.
म्हणून तांबट आळीत आता रात्री नुसतं तापवायचं.
हेरंब ब्लोअरचं बटण दाबतो,
अण्णा ओरडतात, "दिवा घालव!"
अंधारातच दिसतो तांब्याचा ताव:
आधी काहीच नाही, मग जांभळट,
मग सटाण्याच्या डाळिंबाचा दाणा.
दाणा दिसला की काढायचं.
थर्मामीटर या घरात फक्त आजाऱ्याला.

मी माडीवर. माझा ढग
तेराशे प्रकाशवर्षं लांब, आत तारे जन्मतायत
आणि वर इतकी धूळ की रंगबिंग काही दिसत नाही.
दिसतो एक रेणू. कार्बन मोनॉक्साईड.
हाच तो, ज्याच्या धास्तीनं आई
भट्टी पेटली की खिडकीत पाट अडकवायची,
म्हणायची, वाससुद्धा नाही मेल्याला, कळणार कसं?
तिकडे मात्र तोच बोलतो.
गिरक्या घेतो. गिरकी एक पायरी मंदावली
की एक लाट सोडून देतो.
गारठ्यात खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर रेंगाळतो,
ताव लागला तर चढतो,
सातवी, दहावी, चौदावी.
कुठली पायरी किती उजळ, त्यावरून
न शिवता अंगातला ताप सांगायचा,
एवढंच माझं काम.

आणि आठ महिने हिशेब बसत नाही.
शेजारच्या तरण्या ताऱ्याचा सगळा उजेड
ढगाला पाजून झाला,
चौदावी पायरी तरी इतकी उजळत नाही.
संगणकात तारा दुप्पट केला.
मग चौपट.
मग माझी मलाच लाज वाटली.

सकाळी चहा घेऊन खाली गेले.
भट्टीत कालची राख. घंगाळाच्या बुडाला
हात टेकला आणि मागे घेतला.
"पेटवलीत कधी?"
"पेटवली कुठं? ठोकून तापलंय."
हातोडी न थांबवता:
"भट्टीचा ताव बाहेरनं आत येतो, सगळीकडं सारखा.
ठोक्याचा जिथं मार बसला तिथंच."

मी चहा उभ्यानंच प्यायले, तोही त्यांचा.

वर येऊन जुनी मोजणी उघडली, न छाटलेली.
वर्णरेषा बुडाशी दोन्ही बाजूंना फाकलेली,
पदर वाऱ्यात धरावा तशी.
तो पसारा मी गोंगाट म्हणून
पहिल्याच आठवड्यात कापून टाकला होता.
गोंगाट नव्हता तो. वेग होता.
आतल्या, अजून न दिसलेल्या ताऱ्यानं
झोतानं वायूवर वायू आपटलेला,
आणि उष्ण ठिपके उजेडाकडच्या काठाला नाहीत,
झोताच्या वाटेवर, एकामागे एक,
घंगाळावरच्या खळग्यांसारखे.

जेवताना अण्णांना सांगितलं,
तिथंही ठोकूनच तापतंय.
त्यांनी भाकरी मोडली. जरा वेळानं विचारलं,
"सातच्या आत आटपतात का ते?"