दोन अटी

अशोक चौकात चहा फुंकत वकील म्हणाले,
वहिनी, अटी दोनच.
नरसय्यानं काही केलेलं नाही
असं जजसाहेबांना खटल्याआधीच वाटलं पाहिजे.
आणि सुटल्यावरही तो काही करणार नाही,
असंही वाटलं पाहिजे.

मी म्हटलं, उद्या भाजी कुठली आणेल
हेसुद्धा ह्या माणसाचं मला कधी सांगता आलं नाही.

तेवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिला.
मालकानं बोट ठेवलं तिथं सही.
दुबईला गेलेल्या गाठोड्यांत
टॉवेल किती, हवा किती, मालकाला ठाऊक.
मालकाचा फोन लागत नाही.

सासूबाई तेलुगूत विचारतात,
पैसे धुतले म्हणजे? कुठल्या साबणानं?
त्यांचा जन्म रंगखात्यात गेला,
नखांतला निळा अजून निघत नाही.

चौदावा महिना.
खटला उभाच राहिलेला नाही.
मुंबईला भेटीला निघताना कडक भाकरी बांधते,
महिनाभर टिकते म्हणून.
आत घेत नाहीत.
परतताना सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर
दिवे गेल्यावर मीच मोडून खाते.
फार आवाज होतो.