इथं पाणी मुरतंय

हिद्दच्या टोकाला समुद्र पाइपातून आत येतो,
मीठ मागे ठेवतो आणि गोडा होऊन पुढे जातो.
तिथं गेले नऊ दिवस
रोज त्रेचाळीस घनमीटर पाणी हरवत होतं.

टाक्या काठोकाठ. झडपांखालची जमीन ठणठणीत कोरडी.
वर्गीस फिटरनं पाइपाला कान लावून पाहिला,
वैदूसारखे डोळे मिटून, आणि म्हणाला,
ताई, ही आमच्याकडची गळती नाही.
म्हणजे माझ्याकडची. पडद्यावरची.

आता आमचा प्रोग्रॅम तसा आमचा नाहीच.
वरचा चार बोटं साय तेवढी आमची.
खालचं सगळं लोकांनी दिलेलं:
कुणी ब्राझीलमधून, कुणी एस्टोनियातून,
एक थर तर कुणा पोरानं परीक्षेनंतरच्या सुट्टीत लिहिलेला.
फुकट. रस्त्याकडेच्या पाणपोईसारखा,
ओंजळ धरा, प्या, निघा.
रांजण कुणी भरला, हे विचारायची रीत नाही.

रात्री दोनला मी पाखडायला बसले.
चारशे बारा प्रकल्प, किती लाख ओळी कुणास ठाऊक.
'लीक' शोधलं: अकरा हजार निकाल,
सगळे मेमरीच्या गळतीचे, पाण्याचा थेंब नाही.
'फ्लो' शोधलं, तर डेटा वाहतोय दुथडी भरून.
'राउंडिंग'नं मला बँकांच्या पैशापैशांत नेऊन सोडलं.
माहितीपुस्तिका चाळल्या.
बसवायचं कसं, याची पंधरा पानं.
बिघडलं तर काय, या मथळ्याखाली एकच वाक्य,
'हा भाग लवकरच लिहू.'
त्याला चौदा वर्षं झाली.

खुलूद सहरीचा डबा उघडून बसली होती.
खजूर माझ्याकडे सरकवत म्हणाली,
आमच्या काकाला या खाऱ्या समुद्राच्या तळाशी
गोड्या झऱ्याचं तोंड ठाऊक होतं.
बुडी मारून पखाल भरून आणायचा.
कसं सापडायचं म्हणशील, तर
तिथं पायाला गार लागायचं. बस्स.
मग सहज विचारलं तिनं,
असं काही झालं की
तुझ्या घरी काय म्हणतात गं?

मी हसले. आणि इंग्रजी अक्षरांत, गंमत म्हणून,
ठोकून दिलं: पाणी मुरतंय.

एक निकाल.

चारशे बारा प्रकल्पांत एक.
एका भागाकाराच्या डोक्यावर, कॉमेंटमध्ये,
रोमन लिपीत अवघडून बसलेली मराठी:
'इथं पाणी मुरतंय. नंतर बघू.'
खाली नाव, एस. एन. खांबेटे.
वर्ष दोन हजार आठ.

पायाला गार लागलं.

ती लायब्ररी पाण्यासाठी नव्हतीच मुळी.
फोल्डरचं नाव 'दूध'.
कुठल्याशा डेअरीत कॅन मोजायला लिहिलेली,
साडेसात लिटरचे सात धरणारी,
अर्धा खाली सांडून वर हिशेब जुळवणारी.
मग ती हातोहात गेली,
दुधाची तेलाला, तेलाची आमच्या पाण्याला,
आणि दर सेकंदाला इथं हिद्दमध्ये
अर्धा अर्धा लिटर गिळत बसली.

कोण हे खांबेटे? बाई की बुवा?
त्या दिवशी साहेब डोक्यावर उभा होता का,
की शेवटची एसटी चुकेल म्हणून
'नंतर बघू' लिहून दिवा मालवला?
मेल पाठवलं. अर्ध्या मिनिटात परत.
असा पत्ता नाही.

अपूर्णांक जपायला दोन ओळी पुरल्या.
त्यांची ओळ मी पुसली नाही.
तिच्याखाली तारीख घातली, गाव घातलं,
आणि लिहिलं, 'बघितलं.'
मूळ प्रकल्पाकडे दुरुस्ती पाठवून दिली.
तिथं ती कुणी उघडेल, न उघडेल.

साडेपाचला वर्गीस चहाचे कप घेऊन आला.
काय ताई, सापडली का गळती?

सापडली, म्हटलं.
दुधात.