आतबट्ट्याचं खातं

लाइल ठोकतो, तेओ रंगवतो, मी सीटा शिवते
आणि जमाखर्च लिहिते, कारण त्यातल्या त्यात
माझंच अक्षर वाचता येतं.
नेब्रास्काच्या पार पश्चिम टोकाला, रुळांच्या पलीकडे
बियाण्यांचं जुनं गोदाम, त्यात आम्ही तिघं.
ऑक्टोबरात बीटचा हंगाम लागला की
साखर कारखान्याच्या मळीचा वास थिनरवर मात करतो;
तेओ म्हणतो, त्या दिवसांत मारलेला रंग
जिभेला गोड लागत असणार.
लाइलने एकदा चाटून पाहिला होता.

बारा वर्षं झाली. नफा
दोनदा झाला, त्यातला एकदा माझ्या बेरजेच्या चुकीने.

मार्चमध्ये ट्वायला बापाची पिकअप घेऊन आली.
एकोणपन्नासची इंटरनॅशनल. हिरवी होती म्हणे.
बॉनेटखाली कोंबड्यांनी संसार थाटलेला,
तळाच्या पत्र्याची अशी चाळण
की बसल्या जागी खालचे खडे मोजावेत.
"नवी करा," ती म्हणाली,
"बाबांना आठवतंय तोवर."
म्हणजे घाई होती.

दारांच्या बाबतीत लाइलचं सोवळं कडक.
बिजागरीत कागदाएवढ्या पट्ट्या घालत, काढत,
कान लावून ऐकत दोन आठवडे घालवले त्याने.
मग दार एका बोटाने ढकललं तरी
टक्.
बस्स, एवढंच.

तेओने खरा हिरवा शोधला
सीटमागच्या, उन्हाने कधी न पाहिलेल्या कोपऱ्यातून.
मी जुनं कापड उसवलं, तर आत
बीटच्या खेपांच्या पावत्या, दात तुटका कंगवा,
आणि कुणीतरी लपवलेली, अर्धी ओढलेली सिगारेट.
कंगवा मी ठेवून घेतला. का, ते विचारू नका.

सप्टेंबरात एमिल आले,
शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून.
गाडीभोवती फेरी मारली,
परक्या घरातल्या टेबलावर फिरवावं तसं
रंगावरून बोट फिरवलं.
म्हणाले, "छान आहे. कुणाची?"

ट्वायला हसली. मग पर्समध्ये काहीतरी शोधू लागली,
बराच वेळ शोधत राहिली.

एमिल आत बसले, उतरले, दार लावलं.
आणि दार लागून गेल्यावर
त्यांची कंबर बाजूला झुकली,
हवेला धक्का देऊन परत आली.

ते आम्ही तिघांनी पाहिलं.
लाइलने हात पुसले, नको तितका वेळ पुसले.
"उद्या न्या," म्हणाला, "एक काम राहिलंय."

रात्री त्याने पट्ट्या काढल्या, बिजागरी सैल केली,
खिट्टी पाव इंच सरकवली,
शिव्या देत, जसं काही दुसऱ्याच कुणी
हे दार बिघडवून ठेवलं होतं.
तेओने दिवा धरला. मी आत बसून
दार ओढून बघत होते, सांगत होते:
अजून वाईट.
अजून थोडं वाईट.

दुसऱ्या दिवशी एमिलनी दार लोटलं. लागलं नाही.
त्यांनी कंबर मारली. लागलं.
"या दाराचं," ते म्हणाले, "लग्नाच्या वर्षापासून हे असंच."
मग ट्वायलाकडे वळून,
"चल, बस. आई वाट बघत असेल."
ट्वायलाने आईबद्दल काही म्हटलं नाही.
बसली.

आता बिलात ते सहा तास मी कुठे दाखवू?
दार नीट केल्याचे एकतीस,
नीट केलेलं बिघडवल्याचे सहा.
लाइल म्हणतो, वजा कर.
तेओ म्हणतो, दुप्पट लाव.
मी पेन्सिलीने 'दार' लिहिलंय, पुढचा रकाना कोरा.

बाहेर टोचन लावून पन्नासची फोर्ड आलीय.
हीटरमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं आहे.
मालक म्हणतो, रिकामं असावं.